सोन्याचं गाव आणि आपलं रान



गेल्या वर्षी गळीत हंगाम आटोपल्यावर आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त असतात तिकडे, अमेरिकेत जाण्याचा योग आला. लोक तिकडची मोठमोठी शहरं बघून येतात. आम्ही मात्र एक ओस पडलेलं गाव बघून आलो, आणि तेच मनातून जात नाही.

नेवाडा राज्यात डेथ व्हॅलीच्या वाळवंटालगत र्‍हायोलाइट नावाचं हे गाव. 1904 साली शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोघांना तिथल्या टेकडीत सोनं सापडलं. 1905 मध्ये गाव वसलं आणि दोन-तीन वर्षांत वस्ती काही हजारांवर गेली. जिथे सावलीला झाड नाही तिथे नळाचं पाणी आलं, वीज आली, रेल्वे आली, तीन मजली बँक उभी राहिली. लाकडाची टंचाई, म्हणून एका गड्याने रिकाम्या बाटल्या रचून घर बांधलं. ते अजून उभं आहे. बँकेच्या मात्र नुसत्या भिंती उरल्यात. खिडक्यांतून आभाळ दिसतं.

हे गाव बुडालं कशानं? 1907 च्या आर्थिक मंदीने, असं सांगतात. ते खरंच आहे. पण मूळ दुखणं जमिनीखाली होतं. माँटगोमेरी शोशोन ही तिथली मोठी खाण. तिचा शेअर एके काळी 23 डॉलरवर होता. पुढे भाव घसरू लागला तेव्हा लहान भागधारकांना शंका आली, आणि 1908 च्या फेब्रुवारीत त्यांनी बाहेरचा इंजिनिअर आणून खाण तपासून घेतली. अहवाल वाईट आला. 3 डॉलरचा शेअर 75 सेंटवर आपटला. भारी सोनं थोड्याच बारीक शिरांत होतं. तरीही 1909 मध्ये गावाने मोठी शाळा बांधली. माणसं तर तेव्हाच गाव सोडू लागली होती. 1911 मध्ये खाण बंद पडली, 1916 मध्ये वीजही तोडली.

तपासणी झाली, पण सगळं उभं करून झाल्यावर. आमचं म्हणणं एवढ्याचपुरतं आहे.

ऊस म्हणजे आपलं सोनं, असं आपण म्हणतो. मेळाव्यांत आम्हीही म्हटलं आहे. पण मातीपरीक्षणाचं नाव काढलं की उत्तर ठरलेलं : "साहेब, ऊस जोरात आहे, माती कशाला तपासायची?" अहो, जोरात आहे तेव्हाच तपासायची!

एक कबुली द्यायची आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका सभासदाच्या काळ्या रानाचं आम्ही शिवारफेरीत चारचौघांत कौतुक केलं होतं. उतारा दृष्ट लागण्यासारखा. पाट अखंड वाहत होता, पाचट दरसाल पेटत होतं, निचऱ्याचा चर बुजला होता. आम्ही टनेज बघितलं, चर बघितला नाही. आज त्या रानावर मीठ फुटलंय आणि लावलेलं बेणं उगवत नाही. तो सभासद आम्हांला कधी एका शब्दाने बोलला नाही, याचंच जास्त वाईट वाटतं.

खाणीतलं सोनं एकदा काढलं की संपलं. रानाचं तसं नाही. पाचट कुजवलं, ताग-धैंचा गाडला, चर मोकळे ठेवले, पाणी मोजून दिलं तर रान पुन्हा भरतं. आपण मात्र रानाचीच खाण केली आहे.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे : ऊस लागणीची नोंद घेताना कारखान्याने मातीचा अहवाल मागावा. काही सभासदांना हा जाच वाटेल, शेतकी खात्याचं कामही वाढेल. वाढू दे. तोवर नियमाची वाट न बघता नांगरट करण्यापूर्वी, बांध, उकिरडा आणि झाडाखालची जागा सोडून, रानात ठिकठिकाणची माती घ्या, मिसळा, आणि अर्धा किलो पिशवीत घालून गट ऑफिसला आणून द्या.

र्‍हायोलाइटच्या लोकांनी आपली कितीतरी घरंदारं शेजारच्या बीटी गावी हलवली. ते गाव आजही नांदतं आहे. त्यांना घर उचलून नेता आलं. आपल्याला रान उचलून नेता येणार नाही.

— ऊस विकास अधिकारी