स्वस्त मलई आणि बाईचा दीड तास

बचत गटांच्या शिबिरांत ‘घरच्या घरी लोणी-तूप’ हा विषय हमखास असतो. काटकसरीचा धडा म्हणून तो दिला जातो. डेअरीत उरलेली मलई संध्याकाळी कमी भावाने मिळते. ती आणा, विरजण लावा, घुसळा, लोणी काढा, पैसे वाचवा. घरच्या लोण्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप आहे तो ‘वाचवा’ या शब्दाला.

मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या गटाबरोबर बसून आम्ही एकदा याचा हिशेब मांडला. एक किलो घट्ट मलई, त्यात साधारण 40 टक्के फॅट. उतरत्या भावाने ती 190 रुपयांना पडली. बर्फ आणि मिक्सरची वीज मिळून 5 रुपये धरले. लोणी निघाले साडेचारशे ग्रॅम. बाजारात तेवढ्या लोण्याला 255 रुपये पडले असते. म्हणजे 60 रुपये वाचले, सगळ्याजणी खूष. मग मी विचारले, वेळ किती गेला? कोणी मोजलाच नव्हता. डेअरीपर्यंत जाऊन येणे, रात्री विरजण लावणे, सकाळी घुसळणे, लोणी तीन-चार पाण्यांनी धुणे, मग ती तेलकट-तुपकट भांडी गरम पाण्याने घासणे. सगळे धरून दीड तास. आता 60 रुपयांना दीड तासाने भागा. तासाला 40 रुपये. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांनी भागली तर तासाला 39.

म्हणजे त्या लोण्यात वाचले काहीच नाही. बाईने दीड तास रोहयोच्या दराने मजुरी केली आणि ती मजुरी घरखर्चात जमा झाली. रोहयोवर निदान हजेरीपटावर नाव तरी लागते.

आणि ही मजुरी अंगमेहनतीची तशीच कसबाचीही आहे. मलई जास्त गार असली तर लोणी येत नाही, गरम झाली तर पातळ होऊन हाताला चिकटते. म्हणून उन्हाळ्यात बर्फ, थंडीत कोमट पाणी, आणि नेमके किती ते बाईच्या हाताला कळते. कारखान्यात याच कामाला तापमापक आणि पगारी माणूस असतो. तूप कढवायचे तर मंद आचेवर अर्धा-पाऊण तास शेगडीपाशी उभे राहावे लागते. लक्ष हटले की उतू जाते नाहीतर बेरी करपते. बाई ‘जाता-जाता’ करते असे आपण म्हणतो ते हेच काम.

सरकारच्या वेळ-वापर पाहणीत 2019 साली असे दिसले की घरातल्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्यावर दिवसाला 299 मिनिटे घालवतात, आणि असे काम करणारे पुरुष 97 मिनिटे. 2024 च्या पाहणीत हेच आकडे 289 आणि 88 झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, पण ती पुरुषाने उचलली नाहीत हे उघड आहे, कारण त्याचीही नऊ मिनिटे कमी झाली. अशा वेळी काटकसरीच्या नावाने आपणच बाईच्या दिवसात आणखी दीड तास घालणार असू, तर आधी तिला विचारायला हवे.

खेड्यात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. घरी दुभते असेल तर वैरण, शेण, धार हे बहुतेक बाईकडेच. पूर्वी दूध घरात राही, त्याचे लोणी-तूप होई, आणि आठवडी बाजारात तूप विकून आलेला पैसा अनेक घरांत तिच्या हाती राही. 1970 ते 1996 या काळात दूध महापूर योजना चालली, गावोगावी दूध संकलन केंद्रे उभी राहिली, दुधाला फॅटवर भाव आणि नियमित पैसा मिळू लागला. हे चांगलेच झाले. पण सोसायटीचे सभासदत्व आणि पासबुक बहुतेक ठिकाणी नवऱ्याच्या नावावर गेले. फॅट तिच्या मेहनतीचे, सही त्याची. ज्यांच्याकडे गुरेच नव्हती त्या बायांचे तर घरोघरी मिळणारे ताकही गेले. ‘ताकाला जाऊन भांडे लपवणे’ ही म्हण आपण हसून वापरतो. ते भांडे लपवणारी बाई कोण होती, आणि तिला ओटीच्या बाहेर का उभे राहावे लागे, हेही कधी बोलले पाहिजे.

लोणी खाते कोण, हाही प्रश्न आहेच. गवळणींतल्या गोपी डोक्यावर माठ घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात. त्या कष्टकरी, विकणाऱ्या बाया आहेत. आपल्या लक्षात मात्र राहतो लोणी चोरणारा मुलगा, आणि कौतुकही त्याचेच! आमच्या गटात एक मावशी म्हणाली, “मला बेरी आवडते.” शेजारच्या दोघी हसल्या. आवडते की उरते, हे तिघींनाही ठाऊक होते.

तरीही ज्यांना करायचे आहे त्यांनी नीट करावे. खोक्यातली पातळ मलई घेऊ नये; तिच्यात फॅट कमी असते आणि ती फुटू नये म्हणून पदार्थ घातलेले असतात, घुसळून हात दुखतात आणि लोणी धड येत नाही. तारीख उलटलेली, कडवट वासाची मलई कितीही स्वस्त असली तरी नको. लोणी नासते ते त्यात राहिलेल्या ताकामुळे. म्हणून पाणी नितळ येईपर्यंत गार पाण्याने धुवावे, मळून पाणी काढावे, छोटे गोळे करून झाकून ठेवावेत. फ्रिजमध्ये आठवडाभर, बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन महिने टिकते. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी कढवावे. तुपात पाणी राहत नाही म्हणून ते बाहेर टिकते. वस्तीत फ्रिज मोजक्याच घरी, तेव्हा साठवण्याचा सल्ला देतानाही कोणाला देतो ते पाहावे. विकायचे तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती गटाने मिळून करावी.

आमच्या गटाच्या वहीत आता मलई, बर्फ, वीज यांच्या पुढे ‘मजुरी’ असा रकाना आहे. त्यात तासाला 40 लिहायचे की 60, यावर दोन बैठका वाद झाला. मी 60 च्या बाजूने होते. 40 म्हणजे आपणच आपल्याला सर्वांत कमी मजुरी लावणे. 60 धरले की घरचे लोणी बाजारापेक्षा 30 रुपयांनी महाग पडते. हे पाहून तिघींनी घुसळणे बंद केले. चौघी एकत्र येऊन एकाच मिक्सरवर चार किलो एकदम करतात, त्यात वेळ निम्म्याने वाचतो. लोणी त्या आपापल्या घरी न नेता शेजारच्या खानावळीला विकतात, आणि पैसे गटाच्या खात्यावर त्यांच्या नावाने पडतात. एकीच्या नवऱ्याने विचारले, घरात लोणी का येत नाही? ती म्हणाली, भाव वहीत लिहिला आहे.