बुटांवरची भाकर

फिजी म्हटले की आपल्याला ऊसमळे आणि गिरमिटावर तिकडे नेलेले आपल्या देशाचे मजूर आठवतात. पॅसिफिक महासागरातला जेमतेम नऊ लाख वस्तीचा हा देश. पण तिथल्या गल्लीबोळात रग्बीचे वेड असे, जसे आपल्याकडे क्रिकेटचे. रग्बी सेव्हन्स म्हणजे एका बाजूला सात गडी, सात-सात मिनिटांचे दोन डाव आणि मैदान मात्र पंधरा जणांच्या खेळाएवढेच मोठे. चौदा मिनिटांत छाती फुटेपर्यंत पळायचे.

या खेळातला जेरी तुवाई मला फार जवळचा वाटतो. राजधानी सुवाजवळच्या न्यूटाऊन या गरीब वस्तीत, पत्र्याच्या लहानशा घरात तो वाढला. चेंडू विकत घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा प्लास्टिकच्या बाटलीचा नाहीतर गुंडाळलेल्या कपड्याचा चेंडू करून पोरे रस्त्यावरच्या चौकातल्या गोल बेटावर खेळत. शिक्षण फारसे झाले नाही. घरच्यांनी त्याच्या हाती बूट दिले ते असे सांगून की, हाच आता तुझा सुरी-काटा. आपल्या भाषेत, यावरच तुझी मीठभाकर. वाचकहो, पोराच्या खेळापायी घरात भांडणे होतात हे मी आमच्या चाळीत रोज ऐकतो. त्या माउलीने केवढा जुगार खेळला!

२०१४ साली तो देशाच्या संघात आला. वय पंचवीस, म्हणजे उशीरच म्हणायचा. तेव्हा बेन रायन हे इंग्लिश प्रशिक्षक होते. २०१३ मध्ये ते आले तेव्हा संघटनेची तिजोरी रिकामी होती, कित्येक महिने त्यांना पगारच मिळाला नाही. (आम्हा कारकुनांना पगार चार दिवस लांबला तरी घाम फुटतो.) २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये हा खेळ प्रथमच आला आणि अंतिम सामन्यात फिजीने ग्रेट ब्रिटनला ४३-७ असे लोळवले. एकेकाळच्या राज्यकर्त्यांना! फिजीचे हे पहिलेवहिले ऑलिंपिक पदक. सरकारने पुढे सात डॉलरची नोट काढली, तिच्यावर कर्णधार ओसेआ कोलिनिसाऊ आणि संघाचे चित्र.

पदकाने चूल पेटते असे नाही. सेव्हन्समध्ये पैसा थोडा, म्हणून फिजीचे चांगले चांगले गडी फ्रान्समधल्या क्लबांकडे जातात. त्यांना नावे ठेवायला मी तयार नाही. घरी दहा तोंडे असली की कोण थांबेल? तुवाई मात्र सेव्हन्समध्येच टिकला. २०१९ मध्ये तो जगातला सर्वोत्तम सेव्हन्स खेळाडू ठरला.

मग कोरोना आला. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ वर गेले. संघ महिनोन् महिने शिबिरात अडकला, बायकामुले दुरावली. कर्णधार तुवाईच होता, वय बत्तीस. २८ जुलैला न्यूझीलंडला २७-१२ ने हरवून दुसरे सुवर्ण आणले. पुरुषांच्या सेव्हन्समध्ये दोन ऑलिंपिक सुवर्णे मिळवणारा तो पहिलाच.

२०२४ ला पॅरिसमध्ये, पस्तिशीत, तो पुन्हा उतरला. अंतिम सामन्यात यजमान फ्रान्सने २८-७ ने हरवले. ऑलिंपिकमधली फिजीची ही पहिली हार. गळ्यात या वेळी रौप्य पडले.