स्पीकर तुमचा, मर्जी कुणाची?

लॅपटॉपवरचं गाणं वाय-फायवरून हॉलमध्ये, किचनमध्ये एकाच वेळी वाजवता येतं, हे तुम्हाला नवं नाही. पण ते वाजतं कुणाच्या भरवशावर? सोनोसने मे २०२४मध्ये नवं अ‍ॅप आणलं आणि अनेकांचे चांगले महागडे स्पीकर नीट चालेनात. अलार्म लावणं, गाण्यांची रांग बदलणं अशा साध्या सोयीही गायब! जानेवारी २०२५मध्ये सीईओ पॅट्रिक स्पेन्स पायउतार झाले. स्पीकरमध्ये तर काही बिघडलंच नव्हतं.

आता याच्या उलट बघा. लॉजिटेकने ‘स्क्वीझबॉक्स’चे वाय-फाय रेडिओ २०१२मध्ये गुंडाळले, २०२४मध्ये त्यांचा ऑनलाइन सर्व्हरही बंद केला. तरी ते वाजतायत. कारण घरच्या कम्प्युटरवर चालणारं त्यांचं सर्व्हर सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे. ‘लिरियन’ या नावाने हौशी मंडळी ते सांभाळतात, तेही फुकट.

सेलमध्ये स्पीकर घेताना बास किती दणकतो हे तुम्ही विचारालच. कंपनीने उद्या सर्व्हर बंद केला, तर घरातल्या घरात हा वाजेल का? ऑक्स केबल लागते का? हेही विचारा. दुकानदार गोंधळला, तर पैसे देण्याआधी मॅन्युअल उघडून बघा.