रिकार्डोचा खंड आणि इंदापूरचा शेतकरी

बारामती-इंदापूरकडचा अर्थशास्त्राचा विद्यार्थी परीक्षेसाठी रिकार्डोचा खंड सिद्धांत पाठ करतो. सुपीक जमीन, हलकी जमीन, लागवडीच्या सीमेवरची जमीन, आणि खर्च वजा जाता उरणारे आधिक्य म्हणजे खंड, एवढे आकृतीसह लिहिले की गुण मिळतात. हाच सिद्धांत एकेकाळी इंदापूर तालुक्यातील शेतकऱ्यांवर सारा बसविण्यासाठी वापरला गेला होता, हे मात्र त्याला सहसा कोणी सांगत नाही.

रिकार्डोचा ग्रंथ १८१७ साली निघाला. पेशवाई १८१८ साली बुडाली. माल्थस जेथे अर्थशास्त्र शिकवीत असे, त्या हेलीबरीच्या कंपनी महाविद्यालयातून आलेल्या प्रिंगल या अधिकाऱ्याने १८२८ पासून पुणे जिल्ह्याची पाहणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा ठरविला. आधिक्यावर कर घेतला तर कसणाऱ्याला झळ लागत नाही, असे शास्त्र सांगत होते. परंतु त्या शास्त्राने जमीनदार, भांडवलदार शेतकरी आणि मजूर असे तीन वर्ग गृहीत धरले होते. इंदापुरात हे तिघेही एकाच घरात नांदत होते. घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी कोण आणि कशी मोजणार? त्यात मोजणी करणाऱ्या कनिष्ठ नोकरांची लाचखाऊ आकडेमोड आणि पडलेले भाव. परिणामी जमिनी पड पडल्या, शेतकरी गावे सोडून गेले. अखेर १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांना इंदापुरातच नवी, हलकी, तीस वर्षांच्या मुदतीची जमाबंदी लागू करावी लागली.

मुदत सरताच आकार पुन्हा चढला. अमेरिकेतील यादवी १८६५ साली संपून कापसाचे भाव कोसळले होते. आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे येथे १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. सरकारी चौकशी आयोगाने दोष सावकारावर टाकला आणि साऱ्याला निर्दोष ठरविले. ज्याने कर बसविला त्यानेच कारणमीमांसा लिहिली. समाजशास्त्रांतील वसाहतवाद म्हणतात तो हाच.

तेव्हा रिकार्डोला अभ्यासक्रमातून हाकलून द्यावे काय? मुळीच नाही. मार्क्सनेही रिकार्डो बारकाईने वाचूनच त्याच्यावर टीका केली. मागणी एवढीच आहे की, खंड सिद्धांताच्या प्रकरणापुढे इंदापूरचे प्रकरण असावे. सिद्धांताची गृहीतके कोणत्या समाजातून आली, हे विद्यार्थ्याला कळावे.

दुसऱ्या बाजूचा धोकाही ओळखला पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर भारतीय ज्ञानपरंपरेचा गजर सुरू आहे. परकीय चौकट काढून तिच्या जागी प्राचीन वैभवाची स्वदेशी चौकट बसविली, तर वतनदारी, बलुतेदारी आणि जातींची उतरंड पुन्हा दृष्टीआडच राहील. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना गोऱ्या सरकारला सोडले नाही आणि त्याच्या पदरी असलेल्या ब्राह्मण कामगारांनाही सोडले नाही. हा ग्रंथ मराठीच्या वर्गात नेमला जातो. तो अर्थशास्त्राच्या वर्गात का नसावा?

वर्गाबाहेर तर ग्रंथालयच पसरलेले आहे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी वरच्या गावांना किती आणि टोकाच्या गावांना किती? त्या पाण्यावर ऊस कोणाचा आणि कोयता कोणाचा? उजनीच्या पाण्याखाली जुने पळसदेव गेले. तेथील जमिनीचे मोल कोणत्या हिशेबाने ठरले? हे प्रश्न विद्यार्थ्याने सात-बारा हातात घेऊन, मराठीत, गावकऱ्यांसमोर बसून विचारावेत आणि त्याला गुण मिळावेत.

अभ्यास मंडळांच्या बैठकांना आपले कार्यकर्ते क्वचितच लक्ष देतात. मोर्चा, निवडणूक, पाणीवाटप यांपुढे पाठ्यपुस्तक क्षुल्लक वाटते. पण प्रिंगलच्या हाती तलवार नव्हती. त्याच्या हाती एक सिद्धांत होता, आणि तेवढ्याने गावे उठली. ज्या शेतकऱ्यांनी तो सिद्धांत आपल्या संसाराच्या मोलाने खोटा ठरविला, त्यांच्या पणतवंडांना तो निमूटपणे पाठ करावा लागू नये.