थांबवणाऱ्या औषधाची लुडबुड

सायक्लोहेक्झिमाइड हे प्रतिजैविक जिवाणूंना जवळपास निरुपद्रवी असते आणि यीस्ट, बुरशी, प्राणी व वनस्पती यांच्या पेशींना मात्र घातक ठरते. औषध म्हणून बाद करणारा हा गुणच त्याला संशोधनाचे साधन बनवतो. १९४०च्या दशकात अमेरिकेतील अपजॉन कंपनीत ॲल्मा व्हिफेन यांनी ते ‘स्ट्रेप्टोमायसीस ग्रिसिअस’ या मातीतील जिवाणूच्या संवर्धनात ओळखले. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनही याच जिवाणूपासून मिळाले.

संदेशवाहक आरएनएवरील संकेत तीन-तीन अक्षरांनी वाचत अमिनो आम्लांची साखळी गुंफणाऱ्या पेशीतील यंत्रणेला रायबोसोम म्हणतात. काम संपलेला वाहक आरएनए जिथून बाहेर पडतो, त्या रायबोसोमच्या मोठ्या उपघटकातील जागी हे संयुग बसते, त्यामुळे रायबोसोमला पुढच्या संकेताकडे सरकता येत नाही आणि प्रथिननिर्मिती खोळंबते.

खोळंबलेले रायबोसोम नेमके कुठे आहेत, याचा जनुकवार नकाशा काढण्याचे तंत्र कॅलिफोर्निया विद्यापीठातील निकोलस इंगोलिया व जोनाथन वाइसमन यांच्या गटाने २००९ मध्ये मांडले, आणि पुढे अनेक प्रयोगशाळांत जिवंत पेशींना आधी हे औषध देण्याचा प्रघात पडला. औषध साखळीची वाढ रोखते, पण नवे रायबोसोम आरएनएवर चढतच राहतात, म्हणून संदेशाच्या आरंभाजवळ गर्दी होते. यीस्टमधील काही अभ्यासांत ही गर्दी पेशीचा स्वभाव म्हणून वाचली गेली, तिच्यात औषधाचा वाटा मोठा असल्याचे २०१४ पासूनच्या कामांनी दाखवले. पेशी औषधाविना झटपट गोठवण्याचा पर्याय उपलब्ध असताना सवयीने औषध वापरणे समर्थनीय नाही, आणि वापरलेच तर मात्रा व वेळ शोधनिबंधात ठळकपणे नोंदवायलाच हवी.

गजकर्णाच्या निदानातही हीच सावधगिरी लागते. नखे वा त्वचेच्या नमुन्यातील उपऱ्या बुरशा दडपण्यासाठी संवर्धन माध्यमात सायक्लोहेक्झिमाइड घालतात. गजकर्णाची बुरशी त्याला दाद देत नाही, परंतु क्रिप्टोकॉकससारखे खरे रोगकारकही त्यात दडपले जातात, म्हणून औषधविरहित माध्यमही सोबत ठेवावे लागते.

प्रथिनाचे आयुर्मान मोजताना याच औषधाने नवी निर्मिती थांबवून जुना साठा किती वेगाने घटतो ते पाहतात. काही तासांच्या आयुष्यासाठी हे चालते. त्याहून दीर्घ काळात मात्र पेशीच खालावते आणि विघटन घडवणारी अल्पायुषी प्रथिनेही नाहीशी होऊ लागतात, त्यामुळे दीर्घायुषी प्रथिनांसाठी जड समस्थानिके असलेली अमिनो आम्ले पेशींना पुरवून जुनी-नवी प्रथिने वेगळी ओळखणेच अधिक विश्वसनीय ठरते.