नवा कॉम्प्युटर घेण्याआधी ब्राउझरची खुरपणी करा



आज पिकावर नाही, घरातल्या कॉम्प्युटरवर लिहितोय. पण पैसा शेतीचाच वाचणार आहे.

पीकविम्याची ३१ जुलैची मुदत तोंडावर आलेली. सातबारा काढायला बसलो तर क्रोम उघडायलाच पाच मिनिटं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, मशीन जुनं झालं, नवीन घ्या." तीस हजार सांगितले. ऐन खताच्या वेळी!

माझं मत स्पष्ट आहे. पान पिवळं दिसलं की रोग न ओळखता फवारणी करायची आपली सवय, तीच इथेही नडते. आधी निदान, मग खर्च.

मी काय केलं ते सांगतो.

१) त्याच वायफायवर तीच साइट मोबाइलवर उघडली. लगेच उघडली. म्हणजे नेटचा दोष नाही.

२) क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं. कोणता टॅब किती मेमरी खातोय ते दिसतं. आपली रॅम ४ जीबी, आणि पोरांनी उघडे ठेवलेले टॅब २२!

३) टॅब बंद करूनही जडच. मग कंट्रोल, शिफ्ट, एन दाबून इन्कॉग्निटो खिडकी उघडली. तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात. काम सुसाट! चोर सापडला. कूपन शोधणारं, पीडीएफ बनवणारं अशी सहा एक्स्टेन्शन बसली होती, कोणी टाकली ते घरात कुणालाच ठाऊक नाही. पाच उपटून टाकली.

४) शेवटी कॅशे साफ केला. तेव्हा पासवर्डवर खूण नाही ना, हे बघा. नाहीतर सगळे पासवर्ड पुसले जातील.

खर्च शून्य. अर्ज मुदतीत भरला.

आता हेही खरं, की प्रत्येक रोग खुरपणीने जात नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबल्यावर डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर जुनी हार्ड डिस्क कमी पडतेय. तिच्या जागी एसएसडी बसवा, नव्या मशीनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. आणि विंडोज ७ असेल तर २०२३ पासून त्यावर क्रोमची नवी आवृत्ती येतच नाही. त्यावर बँकेचं काम करू नका.

दुकानदाराला त्याचा माल विकायचाय, त्यात त्याची चूक नाही. पण खिशात हात घालण्याआधी अर्धा तास तपासणीला द्या. वावरात देतो तसाच.