सांगशाकची लढाई वर्गात यायला हवी

दुसरं महायुद्ध शिकवताना आपण हिटलर सांगतो, हिरोशिमा सांगतो आणि धडा संपवतो. ब्रह्मदेशाच्या सीमेवरचं जंगल फळ्यावर येतच नाही. तिथं लढलेल्या चौदाव्या सेनेला त्या काळीही 'विसरलेली सेना' म्हणत. त्यात आपली मराठी माणसंही होती.

मार्च १९४४. मणिपूरमधलं सांगशाक. पुढे सरकणाऱ्या जपान्यांना इथं गुरखा छत्रीधारी सैनिकांनी आणि मराठा पलटणीच्या चौथ्या बटालियननं अडवलं. टेकडी खडकाळ, खंदक खोल खणता येईनात. काटेरी तार नाही, आणि पाणी तर नाहीच. विमानातून टाकलेलं बरंचसं सामान शत्रूच्या हद्दीत पडायचं. तरी २२ ते २६ मार्च ते टिकले, मग रात्री माघार घेतली. तेवढ्यात इंफाळ-कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. मोहोळच्या पोरांनी तसलं जंगल पाहिलं नसेल, पण पाण्याची वाट बघणं त्यांना चांगलं कळतं. धडा तिथूनच सुरू करा की!

एखादा चुणचुणीत पोरगा विचारेलच, "सर, ते तर इंग्रजांकडून लढले. मग आझाद हिंद सेना?" तीही त्याच मोहिमेत होती, समोरच्या बाजूला. हा प्रश्न टाळू नका. मलेरियानं आणि पावसानं दोन्हीकडच्या शिपायांना पोखरलं. माझ्या मते दोघंही एकाच तासाला शिकवावेत. आणि घरी कुणाच्या जुन्या ट्रंकेत पणजोबांचं 'बर्मा स्टार' पदक आहे का, तेही पोरांना विचारून यायला सांगा.